चंद्रावरून आलेले दगड

आकाशांतून दगड पडतात ही गोष्ट आज शाळेंतल्या लहान मुलालाहि ठाऊक आहे. परंतु त्यांपैकीं कांहीं दगड आपल्या चंद्रावरूनच सुटून येथें आलेले आहेत, हें निश्चित होऊन अद्याप अर्धें शतकहि लोटलेलें नाहीं. ही गोष्ट कशी कळली, ती कळण्यापूर्वीं विद्वानांचीं मतें किती वेळां पालटलीं, आणि एखाद्या मुक्या दगडाकडून त्याचें जन्मस्थान कसें वदवून घेतां येतें, याचा इतिहास मी आज आपणांस सांगणार आहें. मी भूगर्भशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक झालों, शिक्षकाचें शिक्षण घेतलें आणि उभा जन्म मराठी शाळेंत खडू-फळ्यापाशीं घालविला. मग हा विषय मीं कां निवडला? त्याला एक कारण आहे. तें मला भूषणावह नाहीं. म्हणून तेंच आधीं सांगून टाकतों.

पुण्याच्या वायव्येस, पवना आणि मुळा या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशांत ताथवडे हें माझें गांव आहे. आज तेथून मुंबई-बंगळूरचा हमरस्ता जातो आणि पाहावें तिकडे उंच इमारती दिसतात. त्या काळीं तेथें शेतें होतीं, विहिरी होत्या. पलीकडे पिंपरी-चिंचवडला कारखाने उभे होते आणि तिकडची माती, राख, खडी असा भराव गाड्या भरभरून रस्त्यांवर येऊन पडत असे. १९८७ सालीं मी जवळच्याच एका शाळेंत सातवीचा वर्ग शिकवीत होतों. एके दिवशीं एका मुलानें फडक्यांत गुंडाळून मुठीएवढा काळा, जड दगड आणला आणि विचारलें, “गुरुजी, हा दगड चंद्रावरून पडलेला आहे असें माझी आजी म्हणते. खरें का?”

मीं तो दगड हातांतहि घेतला नाहीं. मी म्हणालों, “अरे, चंद्रावरचे दगड आणावयाला अमेरिकेला अब्जावधि डॉलर खर्च करावे लागले. ते काय तुझ्या आजीच्या परसांत आपोआप येऊन पडणार?” वर्ग हंसला. मुलगा ओशाळून जागेवर बसला. त्यानंतर वर्षभर त्यानें मला एकहि प्रश्न विचारला नाहीं.

निवृत्त झाल्यावर, २०१९ सालीं, ग्रंथालयांत चंद्राविषयींचें एक पुस्तक चाळतां चाळतां मला कळलें कीं, मीं हें वाक्य उच्चारलें त्याच्या चार वर्षें आधींच चंद्रावरून आपोआप आलेला एक दगड जगांतल्या शास्त्रज्ञांनीं ओळखला व मान्य केला होता. तेव्हांपासून या विषयाचा जो नाद लागला, तो आजतागायत सुटलेला नाहीं.

आकाशांतून दगड पडतात ही समजूत निरनिराळ्या देशांतल्या खेडुतांत फार जुनी आहे. विद्वान मात्र अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत तिला भाबडेपणा म्हणत असत. १७९४ सालीं क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञानें पुस्तक लिहून हे दगड पृथ्वीबाहेरून येतात असें प्रतिपादन केलें, तेव्हां त्याच्या वांट्याला बहुतेक उपहासच आला. परंतु लौकरच पुरावे मिळूं लागले, आणि त्यांतला एक मोठा पुरावा आपल्याच देशांतला आहे. १७९८ च्या डिसेंबरांत काशीजवळच्या क्राखुत गांवीं आकाशांत झगझगीत उजेड पडून गडगडाट झाला व दगडांचा वर्षाव झाला. त्यांतले नमुने विलायतेस गेले. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें इंग्लंड, इटली व बोहेमिया येथें पडल्याचें सांगण्यांत येणाऱ्या दगडांबरोबर काशीच्या दगडाचें पृथक्करण केलें आणि १८०२ सालीं आपला निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढें मांडला. हजारों मैलांच्या अंतरावर पडलेले हे दगड सख्ख्या भावांसारखे निघाले. सर्वांत लोखंडाचे कण होते व त्या लोखंडांत निकेल होतें. पृथ्वीवरच्या नेहमींच्या खडकांत असें आढळत नाहीं. पुढच्याच वर्षीं, १८०३ च्या एप्रिलांत, फ्रान्समधील लेगल गांवीं दोन-तीन हजार दगड पडले. बिओ नांवाच्या तरुण शास्त्रज्ञानें तेथें जाऊन चौकशी केली, आणि मग शंकेला जागा उरली नाहीं.

दगड पडतात हें ठरलें; पण येतात कोठून? याचें पहिलें वजनदार उत्तर होतें: चंद्रावरून! हें उत्तर देणारा माणूस लहानसहान नव्हता. ज्याच्या गणितापुढें सारा युरोप मान लववी, त्या लाप्लासनें १८०२ च्या सुमारास असें सुचविलें कीं, चंद्रावरचे ज्वालामुखी हे दगड उडवीत असावेत. ओल्बर्स या जर्मन ज्योतिषज्ञानें तर १७९५ सालींच ही शक्यता बोलून दाखविली होती. गणितहि अनुकूल होतें. पृथ्वीच्या आकर्षणांतून सुटावयाला वस्तूला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. चंद्रावरून सुटावयाला सुमारें २.४ किलोमीटर पुरतो. शिवाय तेथें वाटेंत अडविणारी हवा नाहीं. त्यामुळें कित्येक वर्षें थोर थोर लोक हेंच मत धरून होते.

पुढें या मताचा पाया ढासळला. चंद्रावरचे ज्वालामुखी केव्हांच थंड झालेले आहेत असें दिसून आलें. उल्कांचे वेग मोजले गेले, ते चंद्रावरून आलेल्या वस्तूच्या वेगाहून फार जास्त भरले. ओल्बर्सनें स्वतःच आपली कल्पना सोडून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही गोष्ट जवळजवळ मोडींत निघाली आणि विसाव्या शतकांत अशनि म्हणजे मुख्यतः मंगळ व गुरु यांच्या मधल्या लघुग्रहांचे तुकडे, हें मत दृढ झालें. तें बहुतांशीं खरेंहि आहे. पण बहुतांशीं खरें असलेलें मत हळूहळू संपूर्ण खरें मानलें जातें, आणि वर्गांत उभा राहून तें सांगणारा माझ्यासारखा शिक्षक त्याला मग कायद्याचें रूप देतो.

दगडाचें घर कसें शोधतात, हें आपल्या महाराष्ट्रांतल्याच एका दगडावरून चांगलें समजतें. २९ जून १८४३ रोजीं खानदेशांत मानेगाव येथें एक अशनि पडला. तो जवळजवळ सबंध पायरॉक्सीन नांवाच्या एकाच खनिजाचा बनलेला आहे. असे दगड फार थोडे. त्यांचें घर शंभर-सव्वाशें वर्षें कोणाला सांगतां आलें नाहीं. १९७० सालीं व्हेस्टा या लघुग्रहावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचें पृथक्करण झालें, तेव्हां त्यांत याच जातीच्या खनिजांची खूण उमटलेली दिसली. पुढें २०११ सालीं डॉन नांवाचें अमेरिकन यान त्या लघुग्रहाभोंवतीं फिरूं लागलें आणि तें नातें अधिक पक्कें झालें. उलटपक्षीं, नागपूर जिल्ह्यांत काटोल येथें २२ मे २०१२ रोजीं भर दुपारीं पडलेला अशनि पाहा. तो अगदीं निराळ्या कुळांतला. जो लघुग्रह आंतून वितळून त्याचे थर कधीं वेगळे झालेच नाहींत, अशा लघुग्रहाचा तो तुकडा आहे. दिसावयाला दोन्ही काळपट सालीचे दगडच. भेद कळतो तो आंतल्या खनिजांनीं.

म्हणजे दगडाची ओळख पटवावयाची तर ताडून पाहाण्यासाठीं घरचा नमुना हवा. चंद्राच्या बाबतींत तो नमुना १९६९ पर्यंत कोणाजवळहि नव्हता. १९६९ ते १९७२ या अवधींत अपोलोच्या सहा मोहिमांनीं मिळून ३८२ किलोग्रॅम दगडमाती आणली. रशियाच्या तीन स्वयंचलित यानांनीं सुमारें तिसरा हिस्सा किलोग्रॅम आणली. त्या मातीचे कण आपल्या मुंबईसहि आले होते, हें फारच थोड्यांना माहीत असतें. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्रा. देवेंद्र लाल यांच्या मंडळींनीं ते तपासले. १९७१ सालच्या त्यांच्या निबंधांवर लाल, भांडारी, ताम्हणे, व्यंकटवरदन अशीं नांवें वाचावयास मिळतात. त्यांची रीत मोठी सुरेख होती. अंतराळांतून येणारे विद्युद्भारित कण स्फटिकांतून आरपार जातात तेव्हां आपल्या वाटेवर सूक्ष्म इजा करून ठेवतात. स्फटिक योग्य रसायनांत बुडविला कीं त्या वाटा रुंदावतात व सूक्ष्मदर्शकाखालीं रेघांसारख्या दिसूं लागतात. त्या मोजल्या म्हणजे तो कण चंद्राच्या उघड्या पृष्ठभागावर किती काळ पडून होता, याचा अंदाज बांधतां येतो. ही रीत पुढें आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आतां चंद्राच्या दगडांत काय निघालें तें पाहूं. चंद्राकडे नुसत्या डोळ्यांनीं पाहिलें तरी दोन रंग दिसतात: काळसर डाग आणि उजळ भाग. ज्याला आपण चंद्रावरचा ससा म्हणतों, ते काळसर डाग म्हणजे लाव्हा थिजून झालेलीं मैदानें. तेथला खडक बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या जातीचा आहे त्याच जातीचा. आमच्या ताथवड्यास विहीर खणूं लागलें कीं वर काळी माती, खालीं मुरूम आणि त्याखालीं जो कातळ लागतो, त्यांत मुख्यतः दोन खनिजें असतात: फेल्स्पार आणि पायरॉक्सीन, शिवाय थोडें लोह व टायटॅनियम असलेलें काळें खनिज. चंद्राच्या मैदानी खडकांतहि हींच कुळें आहेत. कोठें ऑलिव्हीन अधिक, कोठें इल्मेनाइट अधिक. आपला दख्खनचा लाव्हा सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा. चंद्रावरचा बराचसा तीनशें ते चारशें कोटि वर्षांपूर्वींचा.

मात्र एक मोठा भेद आहे. आपल्या कातळांत पोकळ्या असतात व त्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट, पाणीदार स्फटिक चमकतात. पुण्याच्या आसपासच्या खाणींतले असे स्फटिक जगांतल्या संग्रहालयांत जाऊन बसलेले आहेत. त्यांना झिओलाइट म्हणतात. खडकांतून पाणी झिरपल्यावांचून ते तयार होत नाहींत. चंद्राच्या खडकांत असलें कांहीं नाहीं. तेथें पाणी जवळजवळ नाहीं, खडकांत गंज नाहीं. उलट शुद्ध लोखंडाचे बारीक कण तसेच राहिलेले आहेत. दोन सख्ख्या बहिणींपैकीं एक नदीकांठीं नांदली आणि दुसरी उजाड माळावर, असा हा फरक आहे.

चंद्राचा उजळ भाग तर याहून नवलाचा. तो बहुतांशीं अ‍ॅनॉर्थाइट या पांढुरक्या फेल्स्पारचा बनलेला आहे. १९७० सालीं अपोलो ११ च्या मातींतल्या अगदीं बारीक पांढऱ्या कणांवरून असा तर्क निघाला कीं, चंद्र जन्मला तेव्हां त्याचा वरचा सारा भाग वितळलेल्या खडकाचा सागर होता. तो निवूं लागला तसतशीं जड खनिजें तळाशीं बसलीं आणि हलकें फेल्स्पार, तापल्या दुधावर साय धरावी तसें, वर तरंगून त्याचें कवच झालें. पांढऱ्या कणांवरून केवढी ही मजल! पुष्कळांना ती धाडसाचीच वाटली असेल. तथापि पुढच्या प्रत्येक पुराव्यानें तिला बळकटीच आणली.

इतकी तयारी झाल्यावर मग तो दिवस उगवला. १८ जानेवारी १९८२ रोजीं दक्षिण ध्रुवाकडील ॲलन टेकड्यांजवळच्या निळसर बर्फावर अशनि वेंचणाऱ्या अमेरिकन तुकडीला जर्दाळूएवढा एक दगड सांपडला. वजन अवघें ३१ ग्रॅम. हे लोक बर्फांतच शोध कां घेतात, याला कारण आहे. तेथें हजारों वर्षें पडलेले दगड बर्फाच्या प्रवाहाबरोबर वाहत येतात. डोंगराशीं प्रवाह अडला कीं वारा वरचें बर्फ झिजवितो आणि दगड उघडे पडतात. पांढऱ्यावर काळें दिसावयास वेळ लागत नाहीं. या दगडाचा काप भिंगाखालीं धरल्यावर, करड्या गाऱ्यांत पांढरे ठोकळे बसविल्यासारखें त्याचें रूप दिसलें. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंतले ब्रायन मेसन यांनीं लिहून ठेवलें कीं, हे ठोकळे चंद्राच्या उजळ भागांतल्या खडकासारखे दिसतात. लगेच तो निरनिराळ्या प्रयोगशाळांत वांटला गेला. मार्च १९८३ मध्यें ह्यूस्टन येथील परिषदेंत सगळे जमले, तेव्हां प्रत्येकानें आपापल्या मार्गानें जाऊन एकच मुक्काम गांठला होता: हा दगड चंद्राचा. मग जपानी लोकांनीं आपले साठे पुन्हा तपासले. त्यांना १९७९ सालींच सांपडून पेटींत पडून राहिलेला एक दगडहि चंद्राचाच निघाला.

आतां कोणी विचारील, इतक्या खात्रीनें हें सांगतां कसें येतें? पुरावे अनेक आहेत. मी चारच सांगतों. पहिला, खनिजें: अ‍ॅनॉर्थाइट, पायरॉक्सीन, ऑलिव्हीन यांचें तें विशिष्ट मिश्रण, आणि त्यांत पाण्यानें घडलेलें मूळचें एकहि खनिज नसणें. दुसरा, लोह व मँगनीज यांचें प्रमाण. चंद्राच्या पायरॉक्सीनांत व ऑलिव्हीनांत लोह मँगनीजच्या सुमारें सत्तरपट असतें. व्हेस्टाच्या दगडांत त्याच्या निम्म्याच्या आसपास. ही घराण्याची खूण सहसा पुसली जात नाहीं. तिसरा, प्राणवायूच्या तीन प्रकारच्या अणूंचें परस्परांशीं प्रमाण. बहुतेक अशनि या कसोटीवर पृथ्वीहून वेगळे पडतात. चंद्र आणि पृथ्वी मात्र एकाच रेषेवर येतात. आपला ग्रह अगदीं कोवळा असतांना दुसरा एक मोठा गोळा त्यावर आदळला आणि त्या उडालेल्या द्रव्याचा चंद्र झाला, असें आज बहुतेकजण मानतात. त्या मताचा विचार करतांना या साम्याची दखल घ्यावीच लागते. पण मग हा दगड पृथ्वीचाच कशावरून नव्हे? त्याला चौथा पुरावा उत्तर देतो. उघड्या अंतराळांतल्या विश्वकिरणांनीं त्याच्या अंगावर आपला शिक्का मारलेला असतो. बेरिलियम, ॲल्युमिनियम, क्लोरिन यांचे कांहीं अल्पायुषी अणु त्यांत तयार झालेले असतात. कुलाब्याच्या मंडळींनीं ज्या विश्वकिरणांच्या खुणा वाचल्या, त्यांच्याच या दुसऱ्या खुणा. त्यांवरून तो दगड चंद्रावरून निघाल्यावर अंतराळांत किती काळ भटकला आणि पृथ्वीवर पडून किती दिवस झाले, हेंहि काढतां येतें. कांहीं दगड हजारों वर्षांत येऊन पोहोंचले, कांहींनीं लाखों वर्षें घेतलीं.

राहिला प्रश्न, त्यांना उडविलें कोणी? लाप्लासचे ज्वालामुखी नव्हेत. अंतराळांतून मोठी उल्का चंद्रावर आदळते, तिनें खोल विवर पडतें, आणि त्याच्या कडेचे कांहीं दगड न वितळतां २.४ किलोमीटरची वेस ओलांडून निसटतात. असें विवर पाहावयाचें तर आपण बुलढाणा जिल्ह्यांतल्या लोणारास जावें. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें हें विवर पुष्कळ दिवस ज्वालामुखीचें मुख समजलें जात होतें. १९७३ सालीं अमेरिकन व भारतीय शास्त्रज्ञांनीं मिळून तेथला खडक तपासला. त्यांत आघातानें बदललेलें फेल्स्पार आणि वितळून थिजलेल्या कांचेचे बारीक मणी सांपडले. बेसॉल्टांत पडलेलें असें विवर पृथ्वीवर दुर्मिळ असल्यामुळें त्यांनीं तें चंद्राशीं ताडून पाहिलें. लोणारचे मणी व चुरा आणि अपोलोनें आणलेले नमुने यांचें साम्य त्यांना स्पष्ट दिसलें. लोणारचा दगड पृथ्वीच्या आकर्षणांतून सुटला नाहीं. चंद्रावर तेंच झालें असतें तर कदाचित् त्याचा एखादा तुकडा दुसऱ्या ग्रहाच्या अंगणांत पडला असता.

आज असे शेंकडों दगड नोंदले गेले आहेत. बहुतेक सहारा, ओमान यांसारख्या वाळवंटांत व दक्षिण ध्रुवावर मिळालेले. आकाशांतून पडतांना मात्र त्यांपैकीं एकहि कोणी पाहिलेला नाहीं. आणि त्यांनीं शिकविलें तें अपोलोच्या दगडांनींहि शिकविलें नव्हतें. अपोलोचीं यानें उतरलीं तीं चंद्राच्या आपल्याकडील बाजूच्या एका लहानशा भागांत. आदळणारी उल्का जागा निवडीत नाहीं. म्हणून हे दगड साऱ्या चंद्राचे प्रतिनिधि आहेत. त्यांतले पुष्कळ उजळ, फेल्स्पारमय आणि थोरियम फार कमी असलेले निघाले. तेव्हां कळलें कीं, अपोलोचा मुलूख थोरियमनें समृद्ध असा अपवाद होता. ओमानांत २००२ सालीं सांपडलेला एक दगड उलट थोरियमनें इतका भरलेला आहे कीं, त्याच्या कुळकथेवरून तो चंद्राच्या कोणत्या भागांतला, याचाहि तर्क शास्त्रज्ञांनीं केला. बोट्स्वानांत १९९९ सालीं मिळालेल्या साडेतेरा किलोच्या दगडाचें वय तर सुमारें ४३५ कोटि वर्षें भरलें. म्हणजे चंद्रावर लाव्हा वाहूं लागला तो आपण समजत होतों त्याच्या कितीतरी आधीं. जून २०२४ मध्यें चिनी यानानें चंद्राच्या पलीकडील बाजूची माती आणली. तोंपर्यंत त्या बाजूचें जें कांहीं माणसाच्या हातांत होतें, तें या अनाहूत दगडांतच कोठेंतरी होतें.

शेवटचा दाखला आपल्या घरचा आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या प्रदेशांत, सुमारें ६९ अंश दक्षिणेस उतरलें. त्यांतल्या प्रज्ञान गाडीनें तेवीस ठिकाणीं मातीचें पृथक्करण केलें. तें उपकरण अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेंतलें, कुलाब्याचे प्रा. लाल १९७२ सालीं याच संस्थेंत गेले होते. संतोष वडवळे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ऑगस्ट २०२४ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले: तेथली माती मुख्यतः त्याच पांढऱ्या फेल्स्परी खडकाची आहे. चंद्राच्या दुधावरची साय तिकडेहि आहे. वितळलेल्या सागराचा तर्क प्रत्यक्ष जागेवर जाऊन असा आणखी एकदां उतरला.

आतां त्या मुलाकडे वळतों. गेल्या दिवाळींत मी पत्ता काढून त्याच्या घरीं गेलों. तो चाकणकडे एका कारखान्यांत काम करतो. त्याचीं मुलें मोठीं झालीं आहेत. मीं जुनी गोष्ट काढली तेव्हां तो हंसला आणि म्हणाला, “गुरुजी, तो दगड आहे अजून. आजीनें तुळशीवृंदावनाशीं ठेवला होता, तो आम्हीं हलविला नाहीं.” मग मीं तो दगड, बत्तीस वर्षांच्या जागीं अडतीस वर्षांनीं म्हणा, प्रथमच हातांत घेतला. लोहचुंबक लावला, तो चटकन् चिकटला. चंद्राच्या दगडाला चुंबक सहसा असा धरीत नाहीं. एक कोपरा फोडून पाहिला. आंत स्पंजासारखीं भोंकें आणि चकचकीत काच. तें फाउंड्रीच्या भट्टींतलें कीट होतें, कोठल्यातरी भरावांतून आलेलें. त्याचा धाकटा मुलगा सारें टक लावून पाहात होता. तो म्हणाला, “म्हणजे पणजीचें खोटें.”

मीं त्याला सांगितलें, “दगडाविषयीं खोटें. पण चंद्रावरून दगड येतात हें तिचें म्हणणें खरें होतें. मी दगडाविषयीं बरोबर होतों, आणि त्याविषयीं चूक.” लाप्लासचेंहि असेंच झालें. त्याचें कारण चुकलें, पण चंद्रावरून दगड येऊं शकतात ही गोष्ट ठरली. फरक एवढाच कीं, लाप्लासनें निदान गणित करून पाहिलें होतें. मीं दगड हातांतहि घेतला नव्हता.

श्रोतेहो, आपल्या घरांतलें एखादें मूल काळा, जड दगड घेऊन आलें तर त्याला परतवूं नका. त्याच्याबरोबर बसून तो पाहा: चुंबक धरतो का, आंत भोंकें आहेत का, बाहेरून वितळल्यासारखी पातळ काळी साल आहे का. बहुतेक वेळां तें कीट असेल, नाहींतर आपला घरचा काळा पाषाण. शंका उरली तर देशांत पडलेले अशनि जतन करणारें भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आहे, तेथें पाठवा. त्या धाकट्यानें दगड पुन्हा तुळशीपाशीं नेऊन ठेवला. मग तो मला विचारूं लागला कीं, काटोलचा दगड कोठें पाहावयास मिळेल.